सायकलस्वाराचे भय आणि सोबतीचे अभय

शहरातल्या रहदारीत सायकल घालायला बिचकणाऱ्यांसाठी रविवारी सकाळी संथ सामूहिक फेरी काढायची, तर आयोजकाला आधी एका जुन्या प्रश्नाला भिडावे लागते. भीती हा मनाचा दोष आहे की परिस्थितीची अचूक जाण? दोष मानला तर स्वाराला धीट करणे हे फेरीचे काम ठरते. जाण मानली तर त्याच्याभोवतीची परिस्थिती बदलावी लागते, निदान तासा-दीड तासापुरती.

प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादात निकियास हा सेनापती म्हणतो की, कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये याचे ज्ञान म्हणजे धैर्य. संवाद अखेर कोणत्याच व्याख्येवर स्थिरावत नाही, पण निकियासचे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही. अ‍ॅरिस्टॉटल भूकंपाला आणि लाटांनाही न भिणाऱ्या केल्टिक लोकांची ऐकीव गोष्ट देतो आणि असा माणूस शूर नव्हे, एक तर वेडा किंवा वेदनेची जाणीव नसलेला, असा निकाल देतो. या कसोटीवर, उजवीकडून खेटून जाणाऱ्या बसला घाबरणारा सायकलस्वार भित्रा नसून जाणता ठरतो. ‘काही होत नाही हो, चालवा बिनधास्त’ हा नेहमीचा सल्ला म्हणूनच फोल आहे. त्यात समोरच्याची जाण खोटी ठरवली जाते. असे जाणते लोक थोडेथोडके नाहीत. अमेरिकेतील पोर्टलँड शहराचे सायकलविषयक समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये शहरवासीयांचे चार गट पाडले. कशालाच न बधणारे धाडसी एक टक्क्याहून कमी, तर सायकल हवीशी वाटते पण रस्त्याची धास्ती आहे असे साठ टक्के, असा त्यांचा अंदाज होता.

भीतीच्या उगमाविषयी बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात एक छोटी, विलक्षण कथा येते. आरंभी एकटाच असलेला आत्मा घाबरतो. मग त्याच्या मनात येते की, आपल्यावाचून दुसरे काही नाहीच, तर भ्यायचे कोणाला? भय दुसऱ्यापासूनच येते, असा निर्वाळा मिळतो आणि त्याची भीती जाते. पुष्कळदा निरूपण इथेच थांबते. उपनिषद मात्र थांबत नाही. भय गेले तरी त्या एकट्याला करमत नाही आणि तो दुसऱ्याची इच्छा धरतो. ज्याच्यापासून भय, त्याच्यावाचून आनंदही नाही, असा हा पेच आहे. रस्त्यावर तो रोजचा. मागून हॉर्न वाजवणारा ट्रक हा दुसरा, आणि शेजारून पॅडल मारणारा सोबतीही दुसराच.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. तिथे अभय हा साधकाने अंगी बाणवायचा गुण आहे. पण भारतीय परंपरांत अभय द्यायची वस्तूही आहे. जैनांच्या सूत्रकृतांगात अभयदान दानांमध्ये श्रेष्ठ मानले आहे. संन्यास घेणारा सर्व प्राणिमात्रांना अभय देतो, म्हणजे आपल्यापासून कोणालाही भय नसेल असे सांगतो. असे अभय सायकलस्वाराला फक्त मोटारवालाच देऊ शकतो, आणि त्याच्याकडून ते क्वचितच मिळते. सोबत्यांच्या हातचे अभय वेगळ्या जातीचे. भयाचे कारण त्यांना हटवता येत नाही. ते भय वाटून घेतात, इतकेच.

हे वाटून घेणे कसे होते, ते एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यातच पाहावे. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधून आठ-दहा किलोमीटरची फेरी काढायची, तर निघण्यापूर्वी चाकांतली हवा आणि ब्रेक तपासतात. नवख्याची सीट इतकी खाली घेतात की पाय सहज टेकावेत. वाट माहीत असलेला पुढे, पंक्चरचे सामान घेतलेला सर्वांत मागे. उभ्या मोटारीचे दार अचानक उघडू शकते, म्हणून तिच्यापासून हातभर अंतर राखायचे. वेग शेवटच्या स्वाराचा. ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. वेग दुसऱ्या कोणाचा झाला की फेरीचे प्रयोजनच संपते.

खरी परीक्षा सिग्नलला होते. पुढचे हिरव्यावर निघून जातात, मागचे दोघे अडकतात. पुढचे पलीकडे थांबले तरी प्रश्न सुटत नाही. मागचे धापा टाकत पोचतात आणि त्याच क्षणी ‘चला, सगळे आले’ असा पुकारा होतो. दमलेल्यालाच विसावा मिळत नाही आणि ज्यांना गरज नव्हती त्यांना भरपूर मिळतो. शेवटचा येऊन पाणी प्यायल्यानंतरच विसाव्याचा वेळ मोजायचा, हा अलिखित नियम न्यायाच्या अनेक जाडजूड ग्रंथांपेक्षा थेट बोलतो.

या अभयावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, समूहाचे बळ सहज दांडगाईकडे झुकते. सॅन फ्रान्सिस्कोत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘क्रिटिकल मास’ फेऱ्यांत घोळका तुटू नये म्हणून चौकात आडव्या सायकली लावून वाहने रोखण्याची प्रथा पडली. स्वतःचे भय इतरांच्या खोळंब्यावर ढकलणारी ही रीत संथ फेरीला शोभत नाही. तिथे लाल दिव्याला तुकडी तुटू देणेच योग्य.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर मिळालेला धीर सोमवारी फसवा ठरणार नाही का? संशोधक पीटर जेकबसेन यांनी २००३ मध्ये मांडले की, सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली की प्रत्येकाचा अपघाताचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. हा हिशेब रस्त्यावर रोज दिसणाऱ्या संख्येचा आहे, आठवड्यातून एकदा निघणाऱ्या घोळक्याचा नव्हे. त्यामुळे प्रामाणिक आयोजक फेऱ्या हळूहळू वर्दळीच्या रस्त्यांकडे नेतो, गट लहान करत जातो आणि शेवटी एका अनुभवी सोबत्याबरोबर नवख्याला त्याच्याच कचेरीच्या वाटेवर, ऐन गर्दीच्या वेळी चालवून आणतो. याच्या पलीकडचे अभय सोबतीच्या आवाक्यात नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला; अशा आराखड्यातले सलग, अडथळ्यांविना असलेले मार्ग प्रत्यक्षात उतरतात तिथे मोटारवाल्याच्या मर्जीवर काही सोडावे लागत नाही, आणि बिचकणाऱ्याला घोळक्याची वाट पाहण्याचीही गरज उरत नाही.