श्रेय, प्रेय आणि औषधाचे दुकान



पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी निफाड तालुक्यातून त्र्यंबकेश्वरी दिंड्या निघतात. मुक्कामावर कीर्तन आटोपले की मंडळी महाराजांभोवती बसून शंका विचारतात. पूर्वी शंका द्वैत-अद्वैताच्या असत. अलीकडे त्या मुलांच्या शिक्षणाच्या असतात, आणि त्यांना हलके लेखण्याचे मला काही कारण दिसत नाही. द्राक्षबाग करणारा बाप विचारतो, "महाराज, पोराने डी. फार्मसी केली. दोन वर्षांचा अभ्यास झाला, पाचशे तासांचे प्रत्यक्ष काम झाले, परिषदेत नाव नोंदले. आता औषधाच्या दुकानात नोकरी मिळते आहे. पण तो म्हणतो, बी. फार्मसीला थेट दुसऱ्या वर्षात बसतो. अजून तीन वर्षे. काय करावे?"

याचे उत्तर कठोपनिषदात तयार आहे असे पुष्कळांना वाटते. यमाने हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य पुढे केले. नचिकेत्याने ते सारे परत करून ज्ञान मागितले. म्हणजे पगार ते प्रेय आणि विद्या ते श्रेय! टाळी घ्यायला हे सोपे आहे. पण असे सांगणे म्हणजे शास्त्राला वेठीस धरणे होय. नचिकेत्याच्या घरी सोसायटीचे कर्ज थकलेले नव्हते. शिवाय पदवीमागे धावणारा तरी ज्ञानासाठीच धावतो असे कोणी सांगितले? मोठ्या पगाराच्या आशेने घेतलेली पदवी हीही प्रेयच. आणि बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडावे म्हणून पत्करलेली नोकरी हे त्या मुलाचे श्रेय असू शकते. हे दोन शब्द कॉलेजच्या आणि दुकानाच्या पाटीवर लिहिलेले नसतात.

त्या आख्यानाचा आरंभ आपण विसरतो. नचिकेता प्रथम अस्वस्थ झाला तो बापाचे दान पाहून. ज्यांचे दूध आटले, ज्यांची पाणी पिण्याची आणि गवत खाण्याचीही शक्ती संपली, अशा गाई बाप दक्षिणेत देत होता. दानाचे नाव झाले, द्यायचे ते दिलेच नाही. हे पोराच्या मनाला लागले आणि तेथून पुढचे सारे उपनिषद घडले.

हे मी मुद्दाम सांगतो. कारण या मुलांपुढे तिसरा एक मार्ग येतो, तो बाप सांगत नाही, मुलगाच मागाहून हळूच सांगतो. कोणी दुकानदार म्हणतो, "तू खुशाल कॉलेजात जा. तुझे सर्टिफिकेट तेवढे आमच्या भिंतीवर लावू. महिन्याला अमुक पैसे घरपोच." झाले! विद्याही झाली, पगारही आला, बापाचे कर्जही वाढले नाही. व्यवहारात याला सर्टिफिकेट भाड्याने देणे म्हणतात, आणि ते कोठे कोठे चालते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम सांगते की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. २०२२ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही बनावट फार्मासिस्टांबद्दल सरकारला खडसावले. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू.

सेना महाराजांचे आख्यान आपण सारे जाणतो. राजाचे बोलावणे आले तेव्हा ते पूजेत रमले होते. मग पांडुरंगच धोकटी घेऊन त्यांच्या रूपाने दरबारी गेला. मी त्या मुलांना विचारतो, बाबा रे, सेन्याच्या जागी देव गेला. तुझ्या जागी गल्ल्यावर कोण उभा राहतो? दहावीला बसलेला, डब्याचा रंग पाहून औषध ओळखणारा पोऱ्या! त्याचा तरी काय दोष? त्याला कोणी शिकवलेच नाही.

आणि ही नुसती कल्पना नव्हे. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी संधिवातावर देतात. ती बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. तिच्याबरोबर फॉलिक आम्लाचीही गोळी लिहिलेली असते. दोन्ही लहान, पुष्कळदा दोन्ही पिवळ्या. अदलाबदल होऊन पहिली गोळी रोज पोटात गेली तर तोंड सोलवटते, रक्तातील पेशी घटतात, माणूस दगावतोही. असे जगभर घडलेले आहे. वाचता न येणाऱ्या म्हातारीला "आजी, ही फक्त सोमवारी" असे सांगायला तेथे जाणता माणूसच लागतो. न ओळखलेले औषध विषासारखे आणि ओळखलेले अमृतासारखे, असे चरकाचार्य म्हणतात ते उगीच नाही. भिंतीवरचा कागद बोलत नाही. ती आटलेली गाय आहे.

तेव्हा तिसरा मार्ग सोडला म्हणजे उरलेल्या दोहोंत पाप कोठेच नाही. तेथे हिशेब आहे, आणि हिशेब करण्यात कमीपणा नाही. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते. सावतोबा मळ्यातच राहिले. आपल्या संप्रदायाने धंदा सोडा असे कोणास सांगितले नाही.

हिशेब असा. दुकानात उभे राहून औषध द्यावयाचे तर पदविका पुरेशी आहे. तेवढ्यासाठी पदवी लागत नाही. औषधनिरीक्षक व्हावयाचे, पुढे एम. फार्मसी करून संशोधनाकडे वळावयाचे, तर पदवीवाचून गत्यंतर नाही. मग मुलाला खरोखर कशाची ओढ आहे? शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून जाणे हे काही कारण नव्हे. खरी ओढ असेल तर बापाने ती खरड छाटणीसारखी समजावी. एप्रिलात बाग छाटली की त्या वेळी फळ नसते. खर्च, पाणी आणि वाट पाहणे. पण काडी तयार होते ती तेव्हाच, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर माल धरतो तो त्याच काडीवर. मात्र विहिरीला पाणी नसताना कोणी शहाणा छाटणीचा हट्ट धरीत नाही, हेही निफाडकरांना मी सांगायला नको.

न्यायमूर्ती रानडे १८४२ साली निफाडात जन्मले, म्हणून येथे शिक्षणाची गोष्ट निघाली की त्यांचे नाव निघतेच. ते १८६२ मध्ये बी. ए. झाले, १८६६ मध्ये एलएल. बी. मधल्या काळात ते कायद्याचा अभ्यास करीत नुसते बसून राहिले नव्हते. 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी विभागाचे लेखन सांभाळीत होते. फार्मसीचे वर्ग मात्र रोज बसून करावे लागतात, तेव्हा तसे दोन्ही हात येथे चालत नाहीत. पण नोकरी धरली म्हणजे विद्या संपली असेही नाही. तैत्तिरीयात गुरू शिष्याला घरी पाठवताना अभ्यासात हयगय करू नकोस असे बजावतो. अभ्यास गुरुगृहीच संपत असता तर निरोपाच्या वेळी ते सांगण्याचे प्रयोजन काय? म्हणून नोकरी घेणाऱ्याने चार पैसे कमी मिळाले तरी जेथे जुना, जाणता फार्मासिस्ट स्वतः गल्ल्यावर असतो ते दुकान धरावे.

एक गोष्ट राहिली. मुलींनीही ही विद्या पुष्कळ घेतली आहे. पण मुलीसाठी हा प्रश्न घेऊन येणारे बाप मला फार थोडे भेटले. तिच्या बाबतीत "लग्न होईपर्यंत दुकानात जाऊ दे" असे घरी आधीच ठरलेले असते. तिला विचारले होते काय?

आणि मुलाला तरी कोठे नीट विचारतो आपण! पगार किती, फी किती, एवढेच बोलणे होते. बापाने एकदा संध्याकाळी घरातल्या म्हातारीच्या गोळ्यांची पिशवी त्याच्यापुढे ठेवावी आणि म्हणावे, हे तिला समजावून सांग पाहू. तो कंटाळून दोन शब्दांत उरकतो, की एकेक गोळी हातात घेऊन, ही कशासाठी, ही कधी, असे सांगत बसतो, की मध्येच थांबून "हे मला माहीत नाही, शिकायला पाहिजे" असे म्हणतो, हे शेजारी बसून ऐकावे. फीचे आकडे नंतर काढावेत.