दुःखानें रोग वाढतो काय?



जामनेरच्या आसपासच्या खेड्यांतून कोणास कर्करोग झाल्याचें कळलें म्हणजे घरचीं माणसें बहुधा दोन गोष्टी करितात. रोग्यापासून रोगाचें नांव लपवितात. आणि तो रडूं लागला तर, खचलास तर रोग बळावेल, असें त्यास बजावितात. मंडळींतील एखादा त्यांत भर घालितो कीं, खरा विश्वास असता तर भय वाटलेंच नसतें. ह्या बोलण्यांत खरें किती, हें पाहणें अगत्याचें आहे. कारण त्याचा भार आधींच वाकलेल्या पाठीवर पडतो.

खचलेल्या रोग्यांत मरणाचें प्रमाण अधिक असतें, असें अनेक पाहण्यांत आढळलें आहे. परंतु अश्रूंनीं गांठ वाढते, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. रोग बळावला म्हणूनही मनुष्य खचतो. स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या स्त्रिया दर आठवड्यास एकत्र बसून मन मोकळें करीत त्या अधिक जगल्या, असें अमेरिकेंतील डॉ. स्पीगेल ह्यांनीं 1989 सालीं प्रसिद्ध केलें. पुढें कॅनडांत 235 स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला. त्याचें फळ 2001 सालीं छापून आलें. आयुष्य वाढलेलें दिसलें नाहीं, मात्र मनाचा त्रास व वेदना हलक्या झाल्या. तेव्हां, तूं हंसत राहिला नाहींस म्हणून मरतोस, असें रोग्यास सुचविणें हें खोटें आहे, आणि निर्दयपणाचेंही आहे.

दुःख अपाय करितें तें निराळ्या वाटेनें. खचलेला मनुष्य जेवत नाहीं, जळगांवची फेरी चुकवितो, किरणांचा उपचार अर्ध्यावर टाकून घरीं येतो. तंबाखू-चुन्यानें गालांत पडलेला व्रण तो महिनोन्‌महिने दाखवीत नाहीं, कारण नांव ऐकण्याचीच भीति. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयानें 1987 पासून आसपासच्या खेड्यांतील रोग्यांची नोंद ठेविली. ग्रामीण भागांतील अशी नोंद भारतांत पहिलीच. तेथील कार्यकर्ते गांवोगांव फिरून लोकांशीं ह्या रोगाविषयीं बोलले, तेव्हां गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वींपेक्षां लवकरच्या अवस्थेंत उपचारास येऊं लागल्या. नांव उघड घेतल्यानें कोणी मेलें नाहीं. न घेतल्यानें किती गेलीं असतील!

आतां विश्वासाची गोष्ट. हिज्कीया राजास मरणाची वार्ता कळली, तेव्हां तो भिंतीकडे तोंड करून ढसढसां रडला. देवानें त्याच्या अश्रूंचा दोष काढला नाहीं, ते पाहिले. आणि यशयानें प्रार्थनेच्या जोडीस अंजिरांचें पोटीसही गळवावर बांधविलें. प्रार्थना व औषध ह्यांत वैर मानणाऱ्यांनीं हा अध्याय पुन्हा वाचावा. गेथशेमाने बागेंत स्वतः प्रभु अति व्याकूळ झाला. त्यास अविश्वासी म्हणण्यास कोण धजेल? ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें भुईवर बसले होते तोंवर खरे मित्र होते. बिघाड झाला तो त्यांनीं तोंड उघडल्यावर.

सत्य लपविण्याचा प्रश्न ह्याहून कठीण आहे. आई-बापांस धक्का बसूं नये म्हणून मुलें खोटें बोलतात. त्यांचें प्रेम मी नाकारीत नाहीं. परंतु परळच्या टाटा रुग्णालयांत, जें 1941 पासून ह्याच रोगाकरितां उघडें आहे, नेलेल्या मनुष्यास शेजारच्या खाटेवरून सारें समजतें. मग तो जाणतो, घरचीं जाणतात, आणि एकमेकांसमोर दोघेंही नाटक करितात. अशा वेळीं तो अगदीं एकटा पडतो. सर्व एकदम सांगावें असें मी म्हणत नाहीं. किती जाणून घ्यावयाचें आहे हें त्यासच हळूच विचारावें. बोस्टन येथें फुप्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या 151 रोग्यांपैकीं कांहींस आरंभापासूनच वेदना व मन ह्यांची काळजी घेणारे डॉक्टर व परिचारिका जोडून दिले. 2010 सालीं प्रसिद्ध झालें कीं ते कमी खचले, आणि साधारण अडीच महिने अधिक जगले. ही एकच पाहणी आहे, हेंही ध्यानांत असावें.

म्हणून उपदेशक बंधूंनीं रोग्याच्या घरीं जावें तें उत्तर घेऊन नव्हे. महात्मा फुले योजनेचे कागद व रेशनकार्ड नीट आहे काय तें पाहावें. तारखेस सोबत कोण जाईल व मुंबईस उतरण्याची सोय कोठें होईल, हें ठरवावें. आणि मागें कपाशी व गुरें कोण सांभाळील, हेंही विचारावें. रोग्याच्या तोंडून पुष्कळदां हाच प्रश्न प्रथम निघतो.