अधिकारभेद आणि खेळातील न्याय

एका खेळात बसलेल्या सर्व गड्यांना एकच नियम लागू असावा, ही अपेक्षा इतकी स्वाभाविक आहे की, चौघांना चार निराळ्या प्रकारची सामर्थ्ये वाटून देणारा आणि तरीही ही वाटणी न्याय्य आहे असे म्हणणारा खेळ समोर आला म्हणजे मन प्रथम साशंक होते. 1974 साली अमेरिकेतील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध झालेला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अशा खेळांचा मूळपुरुष होय. त्यात प्रत्येक गडी एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. ते पात्र योद्धा, मांत्रिक किंवा धर्मोपासक यांपैकी कोणत्या वर्गात मोडते, त्यावरून त्याने कोणते शस्त्र धरावे, कोणते वर्ज्य करावे आणि किती वेगाने वाढावे हे ठरते. पुढे 1975 व 1976 मध्ये 'ग्रेहॉक', 'ब्लॅकमूर', 'एल्ड्रिच विझर्ड्री' अशा पुरवण्या निघाल्या. त्यांनी चोर, पॅलाडिन नावाचा धर्मवीर, मारेकरी, ड्रुइड असे नवे वर्ग आणले, आणि प्रत्येक नव्या वर्गाबरोबर एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला : या वर्गांत समतोल कशाने राखावा? हा करमणुकीपुरता प्रश्न आहे असे म्हणून तो बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. अधिकारभेद आणि न्याय यांचा जो वाद आपल्या धर्मविचारात शतकानुशतके चालत आला, आणि ज्याची एक अत्यंत तीव्र सुनावणी कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी झाली, तोच वाद येथे नव्या वेषात उभा आहे.

समतोलाचा पहिला उपाय त्या ग्रंथकर्त्यांनी कालाच्या आधाराने योजला होता. योद्ध्याला दुसऱ्या पायरीवर चढण्यास 2,000 अनुभवगुण लागत, मांत्रिकाला 2,500. शिवाय आरंभी मांत्रिकाजवळ एकच मंत्र असे, आणि तो एकदा उच्चारला की त्या दिवसापुरता सरे. हाच दुबळा मांत्रिक जगलावाचला तर मात्र पुढे असा समर्थ होई की, त्याच्या अग्निगोलापुढे योद्ध्याच्या तलवारीला काही कामच उरू नये. आज सोसावे आणि उद्या भोगावे, या हिशेबात तपश्चर्येची आपली जुनी कल्पना सहज ओळखू येते. पण हा हिशेब एकट्या मांत्रिकाच्या खात्यात जमतो. ज्याने त्याला दुबळेपणी पाठीशी घातले, त्याच्यावर आलेले घाव स्वतःच्या अंगावर घेतले, त्या योद्ध्याच्या पदरात शेवटी प्रेक्षकाची जागा येते. तपाचे फळ तापसाला मिळावे हे ठीक. परंतु तपाचा खर्च शेजाऱ्याने सोसला असेल तर फळातही त्याचा वाटा असला पाहिजे.

दुसरा उपाय मला मुळातच सदोष वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. 'ग्रेहॉक' पुरवणीतील पॅलाडिन हा योद्ध्याहून सर्व बाजूंनी सरस : त्याला रोग जडत नाही, त्याच्या हस्तस्पर्शाने दुसऱ्यांच्या जखमा भरतात. अशा सरस पात्राने इतरांना निष्प्रभ करू नये म्हणून अट अशी घातली की, ज्याच्या अंगी व्यक्तिप्रभावाचे किमान 17 गुण असतील त्यालाच हे पद मिळावे. आणि ते गुण तर पात्र जन्माला येतानाच तीन फाशांच्या बेरजेने ठरत. तीन फाशांची दाने 216 प्रकारे पडू शकतात, त्यांतली 17 किंवा 18 ची केवळ चार. समर्थन असे की, सामर्थ्य मोठे असले तरी ते विरळा आहे, म्हणून समतोल ढळत नाही. पण विरळपणा हा ग्रंथकर्त्याच्या वहीतील गुणोत्तरात राहतो; ज्या बैठकीत एखाद्याला ते दान पडले, त्या बैठकीत त्याचे वर्चस्व रोजचेच असते, आणि बाकीच्यांनी चोपन्नांपैकी एखादाच असा निपजतो या विचाराने समाधान मानावे, अशी अपेक्षा केली जाते. त्याच मूळ नियमांत बुटक्या ड्वार्फ जातीचे पात्र सहाव्या पायरीपलीकडे आणि हॉबिट जातीचे चौथीपलीकडे चढू शकत नसे. माणसाला मात्र मर्यादा नव्हती. सामर्थ्य कोणाला मिळावे आणि कोणाची वाढ कोठे थांबावी हे जन्मक्षणीच ठरवून टाकणारा असा हा समतोल होता.

जन्माचे दान आणि न्याय यांची सांगड निराळ्या रीतीने घालणारा एक खेळ कोल्हापुराहून आंबोलीचा घाट उतरले की भेटतो. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा गोल, हातांनी रंगविलेल्या 120 पानांची असते; दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी या कलेला आश्रय दिला नसता, तर ती बहुधा नामशेष झाली असती. ईश्वरशास्त्राच्या दृष्टीने दहा अवतार समान नाहीत. श्रीकृष्णाला सोळा कलांचा पूर्णावतार म्हणतात, मत्स्य-कूर्मांना तो मान कोणी देत नाही. गंजिफेत मात्र दहाही राजे तुल्यबळ, कारण या खेळात हुकुमाचा रंगच नाही. प्रत्येक पान आपल्याच रंगात जिंकते आणि परक्या रंगावर कोणाचीच सत्ता चालत नाही. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी श्रेष्ठ आणि एक्का कनिष्ठ, तर उरलेल्या पाचांत नेमका उलटा क्रम, म्हणजे जे पान एका रंगात शेवटचे तेच दुसऱ्यात प्रधानाच्या पाठोपाठ बसते. दिवसा डाव रामाच्या रंगाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. अग्रमान सुद्धा कालाप्रमाणे फिरता ठेवलेला आहे.

तरीही ज्याच्या हाती राजे आले तो बलवान आणि ज्याच्या हाती आले नाहीत तो दुर्बळ, हे गंजिफेतही खरेच. मग तेथील दैव आपल्याला का बोचत नाही? याचे उत्तर माझ्या मते एवढेच की, डाव संपतो, पाने पिसली जातात आणि पुन्हा वाटली जातात. एका बैठकीत असे अनेक जन्म होतात आणि आधीच्या डावात काय घडले ते प्रत्येकाला आठवत असते. कर्मविपाकाच्या सिद्धान्ताने जगातील विषमतेचे समर्थन नेमके याच युक्तिवादाने केले : हा जन्म म्हणजे एकच डाव, वाटणी मागील डावावरून झाली आहे, पुढील वाटणी याहून निराळी होईल. त्या युक्तिवादातील उणीव अशी की, मागचा डाव येथे कोणालाच आठवत नाही आणि पुढचा कोणी पाहिलेला नाही. ज्या गड्याच्या स्मरणात एकच डाव आहे, त्याला असंख्य डावांच्या सरासरीवर न्याय मान्य करावयास सांगणे हे, पॅलाडिनाच्या विरळपणाने समाधान मानण्यास सांगण्यासारखेच आहे.

कोल्हापूरच्या इतिहासाने या उपदेशाला जे उत्तर दिले, ते मला कोणत्याही भाष्यापेक्षा निर्णायक वाटते. 1899 साली कार्तिकस्नानाच्या प्रसंगी खुद्द छत्रपती शाहू महाराजांसाठी द्विजांपुरते राखलेले वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हटले जात असल्याचे राजारामशास्त्री भागवतांनी निदर्शनास आणले, आणि मुलखाच्या धन्यालाही जन्मावरून अधिकार नाकारता येतो हे उघड झाले. शाहू महाराजांनी पुढे राजोपाध्यांची वतने जप्त केली. पण त्यांचा मोठेपणा मला त्या जप्तीत दिसत नाही. 26 जुलै 1902 च्या हुकुमाने, त्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांच्या उमेदवारांनी भराव्यात असे त्यांनी फर्माविले, तेव्हा स्वतःवरील अन्यायाचा प्रश्न त्यांनी सर्वांच्या अधिकाराचा प्रश्न करून सोडविला. पुढील जन्मीच्या वाटणीची वाट न पाहता चालू डावातच पाने पुन्हा वाटण्याचे ते कृत्य होते. 1918 मध्ये पिढीजात कुलकर्णी वतन मोडून दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती दिले गेले, तेव्हा काम राहिले, कौशल्याची गरज राहिली, फक्त ते काम जन्माने कोणाचे असावे हा निर्बंध गेला.

यावरून सर्व वर्ग एकाच साच्याचे करावेत असे कोणी अनुमान काढील, तर तेही मला मान्य नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2008 सालच्या चौथ्या आवृत्तीत तो प्रयोग झाला : योद्धा असो वा मांत्रिक, प्रत्येकाला सारख्याच पद्धतीने वापरावयाच्या शक्ती सारख्याच कोष्टकात मांडून दिल्या गेल्या, हिशेब चोख जमला, आणि सगळी पात्रे हाताला एकसारखी लागतात अशी तक्रार अनेक जुन्या खेळाडूंनी केली. कोल्हापुरातील खासबागेच्या कुस्तीमैदानात जोड लावणारा जाणता माणूस दोन्ही मल्ल एकाच तालमीचे, एकाच डावाचे शोधीत नाही. एकाची पकड आणि दुसऱ्याची चपळाई समोरासमोर आली तरच कुस्ती पाहण्यासारखी होते, हे त्याला ठाऊक असते. भिन्नता हवीच. पण स्वधर्माची जी भव्य कल्पना गीतेने दिली, ती निवडीशिवाय लादली की तिचे वतन होते, आणि निवडीने स्वीकारली की तिची साधना होते. म्हणून जन्माच्या अटी आणि जातीच्या मर्यादा 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने काढून टाकल्या आणि वर्ग मात्र वेगळे ठेवले, ही सुधारणा मला या खेळाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची वाटते.

पुरवणी लिहिणाऱ्याने आणखी एका गोष्टीचा विचार करावा. 'ग्रेहॉक'मधील पॅलाडिनाच्या हातून एकदा मर्यादाभंग झाला की त्याचे पद तत्क्षणी जाई आणि ते पुन्हा कधीही मिळत नसे. आमच्या धर्मशास्त्रकारांवर कठोरपणाचा आरोप पुष्कळ झाला आणि तो बहुतांशी रास्तही आहे. तथापि याज्ञवल्क्याने आपल्या स्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्तासाठी राखून ठेवला, आणि पतितांपैकी पुष्कळांना परत येण्याची वाट त्यात नियमानेच आखून दिली. नवा वर्ग निर्माण करणाऱ्याने त्यात कोणी शिरावे याइतकेच त्यातून कसे बाहेर पडावे आणि चुकल्यावर कसे परतावे हेही त्याच पुरवणीत लिहून ठेवले पाहिजे.