फोडलेला बांध

बांध खाणारा माणूस एकदम खात नाही. दर नांगरटीला एक तास आत घेतो. दहा वर्षांनी बघावं तर हातभर जागा गेलेली असते, आणि विचारायला जावं तर म्हणतो, "बांध होता तिथंच आहे की!" आमच्या नवलाख उंबऱ्यात पूर्वी यावरून तोंडातोंडी व्हायची आणि संध्याकाळी पारावर मिटायची. मग तळेगावची एमआयडीसी शिवाराला येऊन भिडली, जमिनीला भाव आला, हातभर बांध बैलजोडीपेक्षा महाग झाला. तेव्हापासून मिटवणारेही मिटवेनात.

माझ्या थोरल्या चुलतभावानं माझा बांध असाच खाल्ला. मी मोजणी आणली, खुणेचे दगड रोवले. पुढच्या नांगरटीला दगड गायब. २००७ च्या भाद्रपदात पावसानं ओढ दिली होती. दादाचं इंद्रायणी पोटरीत आलेलं, खाचरात पाणी पाहिजेच असे दिवस. एका रात्री मी फावडं घेतलं आणि त्याच्या खाचराचा खालचा बांध फोडला. उजाडेपर्यंत चिखल उघडा पडला. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला शांत झोप लागली. हा न्यायच झाला, असं मी मनाशी म्हणालो.

दिवाळीनंतर झोडणी झाली. त्याचं भात निम्म्याहून जास्त पळंज निघालं. चुलती खळ्यावर सूप घेऊन पाखडत होती आणि सगळंच वाऱ्यावर जात होतं. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, बोलली काही नाही. तिनं माझा कुठला बांध खाल्ला होता?

पुढं काही वर्षांनी माझ्या धाकटीनं कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं. मी दहावी शिकलेला, पण तिचं पुस्तक ती मोठ्यानं वाचायची आणि मी ऐकायचो. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रीसमधला प्लेटो, त्याचं 'रिपब्लिक'. पहिल्याच भागात पोलेमार्कस नावाचा एक जण म्हणतो, मित्राचं भलं करावं आणि शत्रूचं वाईट करावं, हाच न्याय. मी म्हटलं, "बरोबर बोलतोय गडी." पोरगी हसली. म्हणाली, "थांबा आबा, सॉक्रेटिस काय म्हणतो ते ऐका."

सॉक्रेटिस आधी विचारतो, मित्र कोण नि शत्रू कोण हे ओळखण्यात चूक होत नाही का? मग घोड्याचं काढतो. घोड्याला इजा केली तर तो घोडा म्हणून सुधारतो की बिघडतो? बिघडतो. मग माणसाला इजा केली तर तो माणूस म्हणून बिघडणार. माणसाचं माणूसपण तर न्यायानं वागण्यात. तेव्हा न्यायी माणूस न्याय करता करता दुसऱ्याला अन्यायी करतो, हे कसं जमायचं?

मला घोडा कळत नाही, बैल कळतो. पराणीनं टोचून टोचून गरीब बैल मारका झालेला मी पाहिलाय. आणि दादाही पाहिला. बांध खायचा, तरी माझ्या आवणीला त्याच्या घरची दोन माणसं यायची. त्या सालापासून ती बंद झाली. माझ्या मोटारीची केबल कापली गेली. कुणी कापली हे मी विचारलं नाही, त्यानंही बांध कुणी फोडला हे विचारलं नव्हतं. मग वडगावच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. आणि मी? रात्री कुत्रं भुंकलं की उठून बसायला लागलो.

मग काय, अन्याय झाला तरी गप्प बसायचं? हे मी पोरीलाच विचारलं. बैलाच्या खांद्याला गळू झालं तर चिरावं लागतं. त्याला दुखतं, पण तो बिघडत नाही, बरा होतो. प्लेटोच्या 'गॉर्जियास'मध्ये शिक्षेबद्दल असंच म्हटलंय म्हणे, की रास्त शिक्षा हे औषध. म्हणजे दुखवणं वेगळं आणि बिघडवणं वेगळं. मी फावडं उचललं तेव्हा दादाला सुधारावं असं माझ्या मनात तिळभरही नव्हतं. त्याचं नुकसान व्हावं, एवढंच होतं.

आमच्या शेजारच्या मुळशीचं उदाहरण आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट पुढं होते. सत्याग्रहानं धरण थांबेना, तेव्हा १९२४ मध्ये त्यांनी हत्यारं घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. सॉक्रेटिसाला हत्यार पटलं नसतं. त्यानं तर विषाचा प्याला समोर असताना, पळून चल म्हणणाऱ्या क्रिटोला सांगितलं की अन्यायाची फेडसुद्धा अन्यायानं करू नये. मला सेनापतींबद्दल आदर आहे. तरी त्या रेल्वेवरचा माणूसही पोटासाठीच आलेला, हे मनातून जात नाही. मात्र एक फरक मला स्वतःला सोडत नाही. त्यांनी केलं ते उघड केलं आणि त्याची किंमत मोजली. मी अंधारात केलं आणि किंमत चुलतीनं मोजली.

त्या पोलेमार्कसचं पुढं काय झालं, तेही पोरीनं सांगितलं. इसवी सनापूर्वी ४०४ मध्ये अथेन्समध्ये तीस जुलमी लोकांचं राज्य आलं. त्यांना त्याच्या घराण्याचा पैसा पाहिजे होता, म्हणून तो शत्रू ठरला. चौकशी नाही, सुनावणी नाही, विष पाजून मारला. त्याचा भाऊ लिसियस निसटला. जुलमी गेल्यावर त्यानं कुणाच्या घरात शिरून सूड घेतला नाही, भरल्या सभेत उभं राहून त्यांतल्या एकाचं नाव घेतलं आणि जाब विचारला. शत्रू कोण हे आपणच ठरवायचं म्हटलं, तर उद्या दुसरा आपल्यालाही ठरवतो.

मागच्या साली मी दादाकडं गेलो. म्हटलं, "दादा, सात सालचा बांध मी फोडला." तो तंबाखू मळत होता. म्हणाला, "मला ठाऊक होतं. तुझ्या फावड्याचा घाव मी ओळखत नाही व्हय?" थोड्या वेळानं म्हणाला, "केबल मी कापली." मग आतून चहा आला.

बांध अजून हातभर माझ्याच अंगात आहे. पुढच्या तारखेला दोघं एका गाडीनं वडगावला जाणार आहोत. चुलतीला मात्र सांगायचं राहिलं. ती त्याआधीच गेली.