मूठ उघडण्याचे धैर्य

इंडियाना जोन्स या चित्रपटनायकाची नैतिक वाटचाल सरळ रेषेत होत नाही. १९८४ च्या चित्रपटाची कथा १९३५ मधील आहे. कीर्ती आणि संपत्तीच्या ओढीने निघालेला हा पुरातत्त्वज्ञ भारतातील एका खेड्याची पवित्र शिळा अखेर त्या खेड्यालाच परत करतो. परंतु त्याआधी, १९८१ मध्ये, पडद्यावर आलेली कथा १९३६ ची; तीत तोच ज्यूंचा करारकोश संग्रहालयासाठी मिळवू पाहतो. १९८९ च्या चित्रपटात पवित्र चषकाकडे झेपावलेला त्याचा हात वडिलांच्या शब्दानेच मागे येतो. ही विसंगती निर्मितिक्रमातून आली असेल. पण ती माणसाला धरूनच आहे. चारित्र्य ही एकदा मिळवून जपावयाची ठेव नव्हे. मूठ उघडण्याचे धैर्य प्रत्येक मोहापुढे नव्याने कमवावे लागते.