मोकळी टोकं

थ्रीडी प्रिंटरवर छापलेली प्लास्टिकची वस्तू मोडली की बहुतेक वेळा ठरलेल्या जागीच मोडते, दोन थरांच्या मध्ये. बाळकुमला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मुलगा असा प्रिंटर घेऊन बसलेला असतो. कुणाला मिक्सरचं बटण करून देतो, कुणाला पडद्याच्या दांडीचा ब्रॅकेट. मी त्याच्याकडून भिंतीवरचा हूक करून घेतला होता. भाजीची भरलेली पिशवी अडकवली आणि हूक मानेपाशी तुटला. तुटलेली कड पाहिली तर फाटल्यासारखी वेडीवाकडी मुळीच नव्हती. सुरीने कापावी तशी सपाट होती. तो मुलगा हसून म्हणाला, "काकू, उभा छापला होता ना, म्हणून. आडवा छापून देतो." आडवा छापलेला, मानेचा काटकोन गोल केलेला हूक अजून भिंतीवर आहे. काटकोनाचं म्हणाल तर ते दुखणं जुनंच. कोपरा जितका टोकदार तितका ताण तिथे गोळा होतो आणि चीर तिथूनच सुरू होते, हे चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने 1913 मध्ये गणिताने दाखवलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर जहाजांचे पत्रे होते.

थरांची गोष्ट मात्र मनात घोळत राहिली. नोझलमधून दोनशे अंशांच्या आसपास तापलेलं प्लास्टिक सुतासारखं खाली येतं आणि आधीच्या थरावर बसतं. एकेक थर जेमतेम 0.2 मिलिमीटरचा. प्लास्टिक म्हणजे शेवटी लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, एकमेकींत गुरफटलेल्या. गरम असताना या साखळ्या सापासारख्या सरपटत आजूबाजूच्या गुंत्यातून वाट काढतात. फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांनी 1971 मध्ये ही चाल मांडली. पुढे 1991 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. वरच्या थरातल्या साखळ्यांनी खालच्या थरात शिरून तिथल्या साखळ्यांत गुंतायचं, तर सांधा ऊबदार राहायला हवा. पण नेहमीच्या वापरातलं पीएलए नावाचं प्लास्टिक साठ अंशांच्या खाली आलं की साखळ्या जागच्या जागी गोठतात, आणि तेवढं गार व्हायला काही सेकंद पुरतात. वरचा थर येतो तेव्हा खालचा गार झालेला असतो. मग दोघं चिकटतात खरे, पण एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून हा मुलगा पंखा मंद ठेवतो आणि प्रिंटरवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालतो. दिसायला गबाळं, पण शास्त्र बरोबर आहे.

पूर्वी गल्लीत फुटक्या बादल्या सांधणारे यायचे. तापलेली लोखंडी पट्टी चिरेच्या दोन्ही कडांवरून फिरवायची, तशाच प्लास्टिकचा तुकडा त्यात वितळवून भरायचा, वरून दाबायचं. कडा पाझरेपर्यंत ते पट्टी उचलत नसत. द जेन यांचं नाव त्यांच्या गावीही नसेल, पण साखळ्यांना सरपटायला किती वेळ द्यायचा हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

आता तापवणाऱ्याचीही गरज पडू नये, वस्तूने आपली चीर आपणच भरून काढावी, अशी खटपट जगभर चालू आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या स्कॉट व्हाइट यांच्या गटाने 2001 मध्ये प्लास्टिकच्या आतच औषधाच्या सूक्ष्म कुप्या पेरल्या. चीर गेली की कुपी फुटते, द्रव पाझरतो आणि घट्ट होतो. युक्ती देखणी आहे, पण कुपी एकदा फुटली की संपली. त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर भरायला काही उरत नाही.

मला जास्त भावलं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजलेलं काम. गोव्यातल्या माशेलात जन्मलेले आणि गिरगावात वाढलेले रघुनाथ माशेलकर, 2021 मध्ये याच प्रयोगशाळेचे संचालक झालेले आशिष लेले आणि तिथेच संशोधन केलेल्या शायनी वर्गीस या तिघांनी धातूंच्या आयनांच्या मदतीने कापलेलं जेल जुळवून दाखवलं. तो निबंध 2006 चा. पुढे वर्गीस कॅलिफोर्नियात गेल्या आणि 2012 मध्ये तिथल्या सहकाऱ्यांबरोबर या दोघांनाही घेऊन त्यांनी आणखी एक जेल मांडलं. ते कापा, आम्लाच्या द्रावणात दोन तुकडे एकमेकांना टेकवा, काही सेकंदांत ते जुळतात. अल्कधर्मी द्रावणात ठेवले की पुन्हा सुटतात. असं कितीतरी वेळा करता येतं. गळक्या प्लास्टिकच्या भांड्याचं भोक बुजवायलाही ते चाललं.

यातली गंमत रचनेत आहे. जेलच्या जाळ्याला बाजूने लोंबत्या छोट्या साखळ्या आहेत, एक टोक बांधलेलं आणि दुसरं मोकळं. समोरच्या तुकड्याला हात देतात त्या या मोकळ्या टोकांनी. टोक आखूड असलं तर पलीकडे पोचत नाही. फार लांब असलं तर पाण्याला बिचकून आपल्यातच गोळा होतं. नेमकी लांबी साधावी लागते.

पॅरिसच्या लुडविक लाइब्लर यांनी 2008 मध्ये केलेल्या रबराची गोष्ट याला जोडूनच आठवते. वनस्पतीच्या तेलातली मेदाम्लं आणि युरिया यांतून आलेलं ते रबर. कापून लगेच टेकवलं तर गरम न करता, डिंक न लावता जुळतं. मात्र तुकडे वेगवेगळे ठेवून दिले, की जसजसे तास जातात तसतशी त्यांची जुळण्याची ताकद कमी होते. कापलेल्या पृष्ठावर जी टोकं मोकळी झालेली असतात ती वाट पाहत थांबत नाहीत. समोर कुणी नसेल तर शेजारच्या टोकाला धरतात. उशिरा दोन्ही तुकडे पुन्हा टेकवले, तरी हात द्यायला फारसं कुणी मोकळं उरलेलं नसतं. तुकडे मात्र दिसायला होते तसेच असतात.

हे वाचल्यापासून बाळकुमपाड्यातून कोलशेत रोडकडे सकाळी फिरायला निघाले की टॉवरांच्या मधल्या जुन्या घरांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. जमिनींना भाव आले आणि सातबाऱ्यावरून घराघरांत चिरा गेल्या, हे इथे नवीन नाही. बाहेरून पाहणारे म्हणतात, लोकांची मनं कठीण झाली. मला तसं वाटत नाही. भावाशी बोलणं तुटलं म्हणून कुणी मुकं होत नाही. बोलायला सासुरवाडी असते, वकील असतो, आपल्याच बाजूचे चार जण असतात. माया आटलेली नसते, ती तिकडे गुंतलेली असते. म्हणून वर्षांनंतर एखाद्या लग्नात दोघं भाऊ शेजारी बसतात, एकमेकांना वाढतात, फोटोही काढतात, आणि तरी काही जुळत नाही. बांधाबांधावरून जुंपली की त्याच संध्याकाळी दोघांना एका ओटीवर बसवणारी म्हातारी माणसं पूर्वी असत. निकाल काय लागेल याची त्यांना फारशी फिकीर नसे. चहा पिऊन जा एवढंच म्हणत, आणि कप रिकामा होईपर्यंत कुणाला उठू देत नसत.