दंडाचा धनी कोण?

जामखेड तालुक्यातल्या चौंडीला 31 मे 1725 रोजी जन्मलेल्या अहिल्याबाईंनी पुढे माळव्यात अठ्ठावीस वर्षं राज्य केलं, आणि हुकुमावर सही करताना श्रीशंकराचं नाव लिहिलं. याकडे नुसती भक्ती म्हणून पाहिलं तर त्यातला राज्यशास्त्राचा प्रश्न हातातून निसटतो. दंड ज्याच्या हाती आहे, त्याने तो कोणाच्या नावाने उगारायचा आणि हिशेब कोणापुढे द्यायचा? शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला राजधर्म सांगतो तोही याच प्रश्नाभोवती फिरतो. अमेरिकेने याचं रोखठोक उत्तर काढलं आहे: लोकांपुढे. तिथल्या बहुतेक राज्यांत काउंटीचा शेरीफ मतदानाने निवडला जातो. बंदूक, बेड्या आणि बहुधा काउंटीचा तुरुंगही त्याच्या ताब्यात असतो, आणि साधारण चार वर्षांनी तोच माणूस पुन्हा मतं मागायला दारोदार फिरतो. (मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे नुसतं मानाचं पद, त्याचा इथे उपयोग नाही.) आपल्याकडे या शेरीफाच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे गावचा पोलीस पाटील. त्याचे अधिकार त्या मानाने फार तोकडे, पण गावात कायद्याचा पहिला डोळा तोच. पूर्वीची पाटीलकी वतनाची, बापाकडून लेकाकडे जाणारी. 1967च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानंतरचा पाटील सरकारी नेमणुकीचा: लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, पाच वर्षांची मुदत आणि मग नूतनीकरण. मग सरपंचासारखाच त्यालाही गावाने का निवडू नये?

माझं म्हणणं असं की निवडू नये, आणि याचं कारण लोक अडाणी असतात हे नव्हे. सरपंचाचं काम नळाचं, रस्त्याचं, दिवाबत्तीचं. ते सगळ्या गावाला हवं असतं. भांडण होतं ते आधी कोणाच्या आळीत यावरून. पोलीस पाटलाचं काम मात्र एका घराला हवं असतं आणि दुसऱ्याला नको असतं. भल्या पहाटे विहिरीत सून सापडते. पाणी भरताना पाय घसरला, असं घरचे सांगतात. बाजेवर ठेवलेल्या ओल्या देहाभोवती भावकी उभी असते, तिरडीच्या बांबूंची बोलणी सुरू झालेली असतात. पोलीस ठाण्याला खबर द्यायची की दहनाला खांदा द्यायचा, हे पोलीस पाटलाला त्या घटकेला ठरवायचं असतं. कायद्याने उत्तर स्पष्ट आहे: संशयास्पद मृत्यूची खबर दिलीच पाहिजे. पण त्याला पुढच्या वर्षी मतं मागायची असतील तर गणित वेगळं होतं. सासरच्या भावकीची मतं गावात आहेत. माहेर आष्टीकडे किंवा करमाळ्याकडे; तिच्या बापाचं, भावाचं नाव या गावच्या यादीत नाही. जिचं होतं, ती बाजेवर आहे. दंडाची गरज ज्यांना सर्वात जास्त, ते बहुतेकदा मतदार नसतात, असले तर मोजके असतात, किंवा ऊसतोडीला गेलेले असतात. शेरीफाच्या तुरुंगातले कैदी तरी त्याच्या निवडणुकीत किती वजन टाकत असतील?

गाव एकमुखाने गप्प कसं बसतं, हे अहिल्याबाईंच्या याच जामखेड तालुक्याने पाहिलं आहे. 28 एप्रिल 2014 रोजी खर्ड्यात बारावीत शिकणाऱ्या एका दलित मुलाचा खून झाला. खटला चालला, साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार कशाने फिरले याचा निवाडा मी करणार नाही. पण शपथेवर दिलेली साक्ष जिथे टिकली नाही, तिथे गुप्त मतदानातून निर्भय पोलीस पाटील उभा राहील, ही आशा मला भाबडी वाटते. 2024 साली कर्जत-जामखेडची आमदारकी 1,243 मतांनी ठरली. एवढ्या मोठ्या मतदारसंघात ही गत, तर हजार-दीड हजार मतांच्या गावात एक भावकी म्हणजे अख्खी निवडणूक.

यावर आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही: नेमलेला माणूस तरी कुठे स्वतंत्र असतो? गावाची भीड नाही म्हणून तो ठाणेदाराची भीड धरतो, पुढाऱ्याची धरतो. हे खरंच आहे. बदलीचा बडगा उगारून पोलिसांना वाकवलं जातं, म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली प्रकाश सिंह खटल्यात ठाणेदारापासून महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांची मुदत द्यायला सांगितलं. तरी माझ्या लेखी दोन भिडांमध्ये फरक आहे. वरच्या दबावाविरुद्ध अपील करता येतं, कोर्टात जाता येतं. दबाव टाकणाऱ्याला निदान तो लपवावा तरी लागतो. बहुमताचा दबाव लपत नाही, उलट लोकेच्छा म्हणून मिरवतो. दुसरा आक्षेप श्रद्धाळूंचा: अधिकारी देवाला भिणारा असला की झालं, त्याचा हिशेब वर होईल. अहिल्याबाईंना ते पेललं. पण त्यांच्यासारखी माणसं शतकात किती निघतात, आणि परीक्षेत ती ओळखायची कशी? शंकराच्या नावाने सही करून लुटणारेही होऊन गेले असतील. मला त्या सहीतून वेगळीच गोष्ट घ्यावीशी वाटते. हा अधिकार माझा नाही, आणि समोर उभ्या असलेल्या गर्दीचाही नाही, हे त्या सहीत कबूल केलेलं आहे. आजच्या भाषेत त्या जागी संविधान येतं, आणि संविधानाला भावकी नसते.

म्हणून मतपेटी नको, पण झाकलेली फाईलही नको. आज नूतनीकरण होतं ते पोलीस ठाण्याच्या अहवालावर आणि प्रांताच्या सहीवर. गावाच्या कानावर येतो तो निकाल. कायदा बदलायची वाट न पाहता प्रांताधिकाऱ्यांनी सहीआधी एक दिवस गावच्या चावडीत बसावं. पाच वर्षांत कोणत्या खबरा दिल्या आणि कोणत्या राहिल्या, हे पाटलाच्या तोंडून सगळ्यांदेखत वदवून घ्यावं, आणि गावाबाहेरच्यांनाही बोलावणं धाडावं. त्या सुनेच्या माहेरच्यांना पहिल्यांदा बोलू द्यावं.